अकोट-धारणी रस्त्यावरचं आपलं वळण

माय, आपल्या गावाजवळचं वळण काढून रस्ता सरळ करायचा नकाशा मीच काढला. तुझी मुलगी रस्त्यांची इंजिनीअर झाली, हे पाहायला तू राहिली नाहीस. अकोटहून धारणीकडे जाणारा हा रस्ता आधी नुसती गाडीवाट होता, मग त्यावर गिट्टी पडली, मग डांबर, असं जुन्या फाईलीत आहे. गिट्टी फोडणाऱ्या बायकांत तू होतीस, ते नाही. वळणाचं कारण एका ओळीत दिलंय: काळी माती खचते. मला ते पटलं होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही तिथल्या दोन शेतांमधल्या धुऱ्यावर चुन्याची रेघ मारत होतो. तुझ्यासोबत गिट्टी फोडायची ती शेजारची मावशी काठी टेकत आली आणि रेघेवरच बसली. मी म्हटलं, "मावशी, उठा. इथं अपघात होतात, म्हणून रस्ता सरळ करून राहिलो." ती म्हणाली, "तुह्या मायनं वाकोला हा रस्ता. तुले सांगतलं नाही तिनं?" मग ती सांगत गेली आणि मी तिच्याशेजारी मातीतच बसले. माझ्याआधी तुला एक मुलगी होती. तू कामावर असताना झाडाला बांधलेल्या झोळीत असायची. सहा महिन्यांची तापानं गेली, तिला या धुऱ्याशी पुरलं, आणि आठच दिवसांत रस्त्याची आखणी नेमकी तिथून आली. "तुही माय आडवी बसली. मुकादम म्हणे, ऊठ, नाही तं उद्यापासून कामावर येऊ नको. तुही माय म्हणे, माह्या लेकरावरून रोलर नेऊ देत नाही. मंग आमी साऱ्याच बसलो. तिसऱ्या दिवशी रेघ वाकली."

तेव्हापासून मला एकच दिवस दिसतोय. मी सात वर्षांची आहे, आपण एसटीनं अकोटच्या बाजाराला चाललोय. वळण येतं, तू बोलता बोलता थांबतेस. मी बोरं खाऊन बिया खिडकीबाहेर फेकते आणि तू फाडकन माझ्या तोंडात मारतेस. "तिथं नाही फेकाचं." मी रडत विचारते, "काहून?" तू खिडकीची काच ओढून घेतेस. त्या थपडेचा राग मी कितीतरी वर्षं धरला, माय. आणि परवा तिथंच माझ्या हातात चुन्याचं घमेलं होतं.

काम थांबवलं. साहेबांना खरं ते सांगितलं, तिथं माझी बहीण आहे. ते म्हणाले, "अर्ज द्या, मी वर पाठवतो. वळण राहील की नाही, सांगता येत नाही." तो अर्ज लिहायला बसले आणि हे लिहीत गेले. अर्जात बहिणीचं नाव लागेल. मावशी चार घरं पलीकडे राहते, पण मी अजून तिला विचारायला गेलेले नाही. बहिणीचंच नाव तू मला दिलं असशील, अशी भीती वाटते.