घसरणारं स्टेशन

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला ट्रान्समीटर जोडला रे मी! टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, पण तारा जोडायला कथलाचा डाग द्यायची ही पहिलीच वेळ. एक डाग बोटाला बसला. स्टेशन जुळवायला कॉइलचे वेढे काडीनं हळूहळू फाकवत गेले, तर काटा ब्याण्णववर असताना रेडिओनं अशी शिट्टी मारली की स्टुलावरून पडता पडता वाचले. माईक रेडिओला चिकटूनच ठेवला होता, दुसरं काय!

ह्यांचं मांडीचं हाड जुळून महिना झाला. डॉक्टर म्हणतात चाला, हे म्हणतात उद्यापासून. दिवसभर छताकडे बघत पडून असतात. म्हणून मी रोज दुपारी स्वयंपाकघरातून खुनाची गोष्ट सांगते आणि हे खोलीतल्या रेडिओवर ऐकतात. गोष्ट माझीच, बोलता बोलता सुचते तशी. पण दहा मिनिटं झाली की स्टेशन घसरतं. काल गोष्टीतल्या म्हातारीनं कपाट उघडलं आणि नुसती खरखर! उपाय लगेच कळव.

तुझी ताई

ता. ११ जानेवारी

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि.

ट्रान्समीटरमधला ट्रान्झिस्टर तापला की स्टेशन सरकतंच. हलणार नाही असं क्रिस्टलचं सर्किट पाठवतो. एरियलची तार मात्र वीतभरच ठेव, आवाज घराबाहेर जाता कामा नये. परवान्याची भानगड नको. बाकी, लहानपणी मला गोष्ट सांगताना आधी तूच घोरायचीस, हे श्रोत्यांना कळवलं आहेस ना?

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

क्रिस्टल पाठवू नकोस! पाठवलं असशील तर पोस्टमनला दारातूनच परत धाडीन.

परवा पुन्हा खरखर झाली. ह्यांनी तीनदा हाका मारल्या. मी माईकसमोर, ओ कशी देणार? रेडिओ पलीकडच्या भिंतीशी, कपाटावर. चौथी हाक आलीच नाही, काठीचा आवाज आला. ठक, ठक. स्वतः उठून बटण फिरवलं रे ह्यांनी! काल चारदा उठले. आता मी घड्याळ बघून बरोबर दहाव्या मिनिटाला गोष्टीतल्या कोणाला तरी अंधाऱ्या जिन्यावर गाठते. कोणता व्यायाम देता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, रेडिओचा. दाराआड पदर तोंडात कोंबून हसले, आणि थोडी रडलेही. कोणाला सांगू नकोस.

तुझी ताई

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद घाईत घे.

काल हे खिशातला छोटा रेडिओ कानाला लावून, आवाज कुठवर येतो ते बघतो म्हणून बाहेर पडले. पायऱ्या उतरले, रस्ताही ओलांडला! तासभर पत्ता नाही. माझा जीव टांगणीला, पण गोष्ट थांबवली तर स्टेशन बंद पडलं समजून धावत येतील आणि पडतील, म्हणून बोलतच राहिले. शेवटी समोरच्या सलूनवाल्यानं गडी पाठवला. हे तिथे खुर्चीत बसून सगळ्यांना आधीची गोष्ट समजावत होते म्हणे, आणि अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक खुनी कळल्याशिवाय उरलेली करू देईना.

तू वीतभर म्हणालास, मी तार हातभर लावली होती. गोष्ट संपली की कापते, शपथ. पण संपवू कशी? शनिवारी शेवट सांगते असं बोलून बसले आहे. सलूनवाल्यानं बाकं मागवली आहेत, ह्यांनी पुढची जागा धरली आहे. तेव्हा लोभ वगैरे राहू दे, आधी उलट टपाली एवढंच कळव, खून कोणी केला? मला खरंच माहीत नाही.

तुझी ताई