आईच्या हातचा व्हॉल्व्ह

ब्लॅकबर्न,
९ मार्च १९९७

प्रिय केन,

तुझं पार्सल पोचलं. इकडे सगळं क्षेम आहे. तुझ्या बेरिलवहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि ती माझ्यावर कुरकुरते, म्हणजे घर नेहमीसारखंच चाललंय. तिन्ही व्हॉल्व्ह धडधाकट आहेत. तू ते मोज्यांत गुंडाळून पाठवलेस, आणि मोजे चक्क धुतलेले होते, याचं बेरिलला फार नवल वाटलं.

सहा वर्षांनी धाकट्या भावाला माझी आठवण झाली, तीही काचेच्या नळ्यांसाठी. असो. तुझ्या न्यूकॅसलच्या त्या शहाण्या दुरुस्तीवाल्याला माझा नमस्कार सांग. साफ करायला म्हणून तुझ्या गिटारच्या ॲम्पमधले तिन्ही लहान व्हॉल्व्ह एकदम उपटले आणि कुठला कुठे होता हेच विसरला! गिटारचा आवाज सगळ्यांत आधी ज्या खोबणीत जातो, तिथला व्हॉल्व्ह आईच्या हातचा. व्हॉल्व्हच्या कारखान्यात चिमट्याने तारा जुळवून तिने तो स्वतः बांधला आणि तुझ्या सतराव्या वाढदिवसाला कोटाच्या खिशातून आणला. मुकादम त्या दिवशी मुद्दाम दुसरीकडे बघत होता. बाकीचे दोनही त्याच कारखान्यातले. अंगावरची छपाई तिघांचीही पुसलेली, घडण तीच. डोळ्यांनी ओळखायची सोयच नाही, कानानेच ओळखायला हवं.

ते काम माझ्याकडे आलं हे ठीकच झालं. प्रेस्टनपासून लोक शनिवारी माझ्या व्हॉल्व्हच्या दुकानात येतात ते याचसाठी. ॲम्प एकच, गिटार एकच, बटण जागचं हलवायचं नाही, फक्त व्हॉल्व्ह बदलायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. चोवीस तारखेला तुझं रेकॉर्डिंग आहे, त्याच्या आत कळवतो. आईचा व्हॉल्व्ह जरा घोगरा होता, थंडीत तिचा आवाज व्हायचा तसा. एवढा मी ओळखणार नाही का?

पार्सल टाकल्यापासून तू बरेचदा फोन केलास असं बेरिल म्हणाली. आमचा फोन बिघडलाय. ती उचलते तेव्हा चालतो, कसा काय ते तिलाच ठाऊक. तू आपलं पत्रच लिही.

समोरच्या मिसेस पिकप अजून टुणटुणीत आहेत. काल त्यांनी बंद खिडकीआडून माझ्याशी पावशेर गप्पा मारल्या, आपल्या त्या गिरणीच्या पद्धतीने, नुसते ओठ हलवून. मागांच्या खडखडाटात दुसरं काय करणार? त्यांच्या पिढीतल्या अशा आता दोघीतिघीच उरल्या. कारखान्याआधी आई गिरणीत होती तेव्हा तिने आपल्याला ते शिकवलं आणि आपण त्याचा उपयोग काय केला, तर चॅपलमध्ये बसून पाद्रीबोवांच्या नाकाची टिंगल!

तू लिहितोस, 'आईला पोचवून आल्यावर चॅपलच्या फाटकात मी जे विचारलं, त्याचं उत्तर आता तरी दे.' अरे, शिळ्या कढीला ऊत कशाला आणतोस? आधी व्हॉल्व्हचं पाहू.

तुझा भाऊ,
नॉर्मन

ब्लॅकबर्न,
१६ मार्च १९९७

प्रिय केन,

शिव्या चांगल्या लिहितोस. आईने वाचल्या असत्या तर तुझं तोंड साबणाने धुतलं असतं. 'मुक्यासारखा बसू नकोस, हो की नाही एवढं सांग,' म्हणे! व्हॉल्व्हबद्दल म्हणतोस की दुसऱ्या कशाबद्दल, ते काही त्यात कळत नाही. मी व्हॉल्व्हचंच धरून चालतो.

तर ऐक. दुपारी दुकान बंद करून बसलो. तिघांना कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या, एक, दोन, तीन. तुझ्या जुन्या गाण्याची सुरुवात मला येते तेवढी वाजवली. व्हॉल्व्ह तापलेला काढताना बोट भाजून घेतलं, या वयात. पुन्हा वाजवलं, पुन्हा बदललं. शेवटी डावा हात ॲम्पच्या लाकडावर ठेवून उजव्याने मोकळ्या तारा छेडल्या.

दोन नंबर. तोच आईचा. त्याच्यात जीव आहे, बाकीचे दोन नुसते आज्ञाधारक आहेत. शंका घेऊ नकोस. तोच पहिल्या खोबणीत बसव आणि बिनधास्त रेकॉर्डिंग कर.

तुझा जीव भांड्यात पडावा म्हणून हे पत्र आत्ताच टाकतो. व्हॉल्व्ह उद्या पाठवीन, पेन्सिलीची शेवटची तपासणी तेवढी राहिली आहे. आवाज कसाही गोड असो, चालू ॲम्पमध्ये व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचकी मारल्याशिवाय मी तो कुणाच्या हातात देत नाही, तुला माहीत आहे. आतली तार सैल असेल तर टिचकीनेच तो किंचाळायला लागतो.

फोन करू नकोस. अजून बिघडलेलाच आहे.

घाईत,
नॉर्मन

ब्लॅकबर्न,
१८ मार्च १९९७

केन,

व्हॉल्व्ह पाठवलेले नाहीत. मागच्या पत्रावर विसंबू नकोस. रेकॉर्डिंगच्या आधी हे तुझ्या हाती पडावं, एवढीच माझी धडपड आहे. म्हणून आधी कामाचं सांगतो: दोन नंबर लावू नकोस.

काल तो ॲम्पमध्ये बसवला, आवाज वाढवला आणि पेन्सिलीने टिचकी मारली. काही नाही. अजून वाढवला, पुन्हा मारली. शांत. मी खूश. डोळे मिटून मनात म्हटलं, आईच्या हातचं काम आहे, किंचाळेल कसं? डोळे उघडले तर दारात बेरिल, दोन्ही हात कानांवर, हाताला कणीक तशीच. तिचे ओठ म्हणत होते, "बंद कर ते! अरे, बंद कर!"

मी म्हटलं, "काय बंद करू?"

तिने कानांवरचे हात काढले. ॲम्पकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्वतः पुढे येऊन बटण बंद केलं. नंतर माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि तोंड नीट माझ्याकडे करून हळू बोलली, "कधीपासून, नॉर्मन?"

मी होतं ते सगळं सांगून टाकलं. ती रडली. मग चिडली, की एवढी वर्षं मी तिला वेड्यात काढलं, हाक मारली तर मुद्दाम ओ देत नाही म्हणून ती माझ्याशी भांडत राहिली. तिचं बरोबर आहे.

दोन नंबर इतका किंचाळत होता की मिसेस पिकपनीही खिडकी उघडून पाहिलं म्हणे. माझ्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. तो मी ऐकून निवडलाच नव्हता, केन. हाताखालचं लाकूड त्याच्या वेळी जास्त थरथरलं, त्यालाच मी जीव म्हटलं. तो जीव नव्हता, सैल तार होती. स्टुडिओत सगळ्यांसमोर तुझी फजिती झाली असती आणि मी इथे मिशीला पीळ देत बसलो असतो.

आधी बारीक आवाज गेले, चिमण्या, किटलीची शिटी. मग बाकीचे. उजवा कान आई जायच्या आधीच संपला होता. शनिवारी येणाऱ्यांचं म्हणशील तर ते वाजवतात, मी त्यांचे चेहरे बघतो. कुठल्या व्हॉल्व्हला भुवया वर जातात ते पाहायचं आणि तोच चांगला म्हणायचं. ते खूश होऊन जातात. बोलणं आईच्या कृपेने ओठांवरून कळतं. फोनला ओठ नसतात. एका नाताळात तू फोन केलास तो मी उचलला होता. "हॅलो, हॅलो" करत राहिलो आणि ठेवून दिला. तू काय समजला असशील, याची मला लाज वाटते.

आणि ते फाटक. तू टोपी घालत होतास, पाठ माझ्याकडे. काहीतरी बोललास एवढं तुझ्या खांद्यांवरून कळलं. मग वळलास, थांबलास, माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. तेव्हा तुझे ओठ मिटलेले होते. मी नुसती मान हलवली, कशाही अर्थाने घेता येईल अशी. तुझा चेहरा पडला आणि तू गाडीत बसलास. सहा वर्षं मी त्या वाक्यावर विचार करतोय. माफी होती का? घराचं काही होतं? आईचं? तू उत्तर मागतोस, आणि मला प्रश्नच माहीत नाही रे.

एक आणि तीनवर बेरिलने टिचकी मारून पाहिली. दोन्ही शांत आहेत, हे तिच्या कानांनी ठरवलेलं आहे. त्यातला आईचा कुठला, ते मी सांगू शकत नाही. आईचा त्या दोघांतलाच, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. इतक्या वर्षांत तिची तारही सैल झाली असेल. त्या आवाजाशी तू तीस वर्षं वाजवलंयस, तूच ओळखशील.

शनिवारी गिटार घेऊन ये. रेकॉर्डिंग सोमवारी आहे, वेळ पुरेल. बेरिल मटण-बटाट्याचा हॉटपॉट शिजवणार आहे. तू वाजव, मी तुझ्या चेहऱ्याकडे बघेन, आईचा व्हॉल्व्ह लागला की मला कळेल. आणि वाजवण्याच्या आधी, फाटकात जे बोलला होतास ते पुन्हा बोल. आवाज काढला नाहीस तरी चालेल. फक्त या वेळी तोंड माझ्याकडे असू दे.

तुझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेला,
नॉर्मन