वर्दीच्या खिशात मावेल असा फोन

प्रिय नूतनताई,

आमच्या सफारीच्या गेटवरचा दुर्गेश उद्या काही कामाने नागपूरला येतो आहे. त्याच्याच हाती हे पत्र पाठवते. फोनवर बोलणं आपल्या दोघींना सध्या जमत नाही, म्हणून लिहायला बसले. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते.

बाबा बरे आहेत. तू दिलेली गुडघ्याची गोळी संपली, पण दुखणंही कमी आहे. शेताजवळची बोडी पाण्याने काठोकाठ भरली आहे आणि तिच्या खालच्या आपल्या दोन्ही बांध्यांमध्ये धान निसवायला लागला आहे. सकाळी दारात उभं राहिलं की त्याचा वास येतो. वच्छलाकाकू रोज तुझी चौकशी करते. मी काठी सोडली. पायात अजून थोडी ठसठस असते, थंडीत वाढेल असं डॉक्टर म्हणाले होते, वाढली तर बघू. सायकल दुरुस्त करून आणली. पुढचं चाक नवं, हँडल सरळ केलं, घंटीसुद्धा बसवली. आता तुझ्या कपाळावर आठी आली असेल, ती मला इथून दिसते आहे.

मी नवा फोन घेतला, त्याची गोष्ट सांगायची आहे. तुला वाटेल, फोन घेतला यात सांगण्यासारखं काय? पण गेले पंधरा-वीस दिवस मी दुसरं काहीच केलेलं नाही. गावात सगळे हसून राहिले होते. वच्छलाकाकू तर म्हणाली, "संध्ये, नवरा पायतानी एवढं पायलं असतं तं आज बरी राह्यली असतीस वं." मीही हसले. खरंच आहे तिचं.

मला हवा होता लहान फोन. माझ्या गाइडच्या वर्दीच्या शर्टाच्या वरच्या खिशात पूर्ण जाईल, वरची पट्टी बटण लावून बंद होईल, आणि हँडलवर वाकले तरी छातीत टोचणार नाही असा. दुकानात जाऊन सांगायचं कसं, म्हणून घरीच एका जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, खिशात बसेल असा कापत कापत आणला आणि पर्समध्ये टाकला. बाबा बाजेवरून बघत होते. म्हणाले, "बटनवाला घे ना, तो तं मुठीत राह्यते." मी त्यांना समजावलं की बटणाच्या फोनवरून मी कुठे पडले आहे ते कुणाला कळत नाही. त्यांनी बाजेवर कूस बदलली. पडले हा शब्द घरात अजून कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

तो दिवस तुला मी कधी नीट सांगितलाच नाही. दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा मी "रानडुक्कर आडवं आलं" एवढंच म्हणाले. आज सांगते. गेटवर पाहुण्यांची पहिली गाडी सुटण्याआधी पोचायचं म्हणून मी उजाडताच निघाले होते. नाल्यावरचा रपटा आहे ना, कठडे नसलेला तो बुटका पूल, त्याच्या तोंडाशी डुकरीण पिलांना घेऊन झुडपातून निघाली. मी ब्रेक दाबला, चाक घसरलं आणि मी सरळ खाली कोरड्या नाल्यातल्या दगडांवर. सायकल वरच राहिली. हँडलला अडकवलेली पिशवीही वर राहिली आणि तिच्यात फोन. उजवा हात अंगाखाली, पाय वाकडा. डुकरीण केव्हाच निघून गेली होती. जंगल अगदी शांत होतं. आणि मग तुझा फोन आला.

तू रोज त्याच वेळी करतेस ना, पोराचा डबा भरून झाला की. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. वर, माझ्या डोक्याच्या वर, हात दोन हात अंतरावर असेल. मी डाव्या हाताने दगड धरून सरकायचा प्रयत्न केला आणि कळ अशी आली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. तू करत राहिलीस. मी खालून तुला ओरडून सांगत होते, ताई, मी इथे आहे, ताई, मी इथे आहे. वेडेपणाच तो. मग बॅटरी संपली असेल, आवाज थांबला. उन्हं चांगली वर आल्यावर उदारामकाका शेळ्या घेऊन आले आणि त्यांना सायकल दिसली. पुढचं तुला माहीत आहे.

तो मोठा फोन तू मला भाऊबीजेला दिला होतास. भाच्याचा चेहरा मोठा दिसावा म्हणून मुद्दाम मोठा घेतलास. तो कुठल्याच खिशात जायचा नाही, म्हणून पिशवीत असायचा. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. पण तुझ्याकडे नागपूरला होते तेव्हा एकदा तू स्वयंपाकघरात भाऊजींना म्हणत होतीस, "मीच तो फोन देलो तिले. लहान देला असता तं खिशात राह्यला असता." तुला वाटलं मी झोपले आहे. मी जागी होते, ताई. त्या दिवसापासून मला तुझा राग कळला. तू माझ्या सायकलवर चिडलेली नाहीस, नोकरीवरही नाही. तू स्वतःवर चिडली आहेस आणि ते मला बघवत नाही. त्या फोनने माझं काहीही वाईट केलं नाही. आता तो बाबांकडे आहे. ते त्यावर दंडारीचे खेळ बघतात आणि मोठं दिसते म्हणून खूश असतात.

तर गोंदियाला गेले. बाजारातल्या पहिल्या दुकानात पुठ्ठा काढला तसा तिथला पोऱ्या आतून दुसऱ्याला बोलावून आणायला गेला. दुकानदार भला माणूस होता. एकेक फोन काढून माझ्या पुठ्ठ्यावर ठेवत गेला आणि प्रत्येक फोन बाहेर आला. शेवटी म्हणाला, "दीदी, छोटा फोन अब बनता ही नहीं. सबको पिक्चर देखना है." मग त्याने मधोमध दुमडणारा फोन दाखवला. खिशात बसला खरा, पण आमच्या रस्त्याची धूळ त्याच्या बिजागरीत एका आठवड्यात भरली असती, आणि किंमत ऐकून तर मी तो दोन्ही हातांनी परत दिला.

दुसऱ्या दुकानात सांगितलं की मोठाच घ्या आणि सायकलच्या हँडलला स्टँड लावा, सगळी पोरं लावतात. मी म्हटलं, भाऊ, सायकल एकीकडे आणि मी दुसरीकडे पडले तर? तो म्हणाला, "अरे, अच्छा सोचो ना दीदी." मी चांगलाच विचार करते आहे, हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मला सायकलवरचा फोन नको होता, अंगावरचा हवा होता. उन्हात फिरून पाय सुजला, एका टपरीवर बसून चहा घेतला. क्षणभर वाटलं, सोडावं. तुझं ऐकावं, तू बघून ठेवलेली वसतिगृहाची नोकरी घ्यावी, पंख्याखाली बसावं. मग पाय खाली ठेवला आणि उठले.

तिसरं दुकान म्हणजे दुकानही नाही, गल्लीतलं दुरुस्तीचं काउंटर. रिंकू नावाची बाई चालवते, माझ्याच वयाची असेल. तिने पुठ्ठा हातात घेतला आणि हसली नाही. विचारलं, "कौनसे हाथ से निकालोगी?" ताई, एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला. मी तिला सगळं सांगितलं. तिने ड्रॉवरमधून कुणीतरी परत केलेला एक लहान फोन काढला. दोन वर्षं जुना, पण बॅटरी तिने नवी घातलेली. मी वर्दीचा शर्ट सोबत नेला होता, तो तिथेच साडीवरून चढवला, फोन खिशात टाकला, बटण लावलं आणि काउंटरच्या कडेला धरून सायकल चालवल्यासारखी वाकले. गल्लीतून जाणारे थांबून बघत होते. बघू दे म्हटलं. टोचला नाही. डाव्या हाताने काढला, निघाला. बोटं ओली करून चालवला, चालला. बाजूचं बटण लागोपाठ दाबलं की ठरवलेल्या माणसांना मदतीचा मेसेज जातो, जागेच्या नकाशासह, आणि त्यासाठी तो खिशातून बाहेर काढायचीही गरज नाही. फोटो मात्र चांगले येत नाहीत. पाहुण्यांना झाडावरचं घुबड काढून दाखवायची मला हौस होती, ती सोडली. घुबड डोळ्यांनी बघतील. चेहरे लहान दिसतात, भाचाही लहान दिसेल. चालेल.

फोन घेऊन आल्यावर मी एक गोष्ट केली, ती वाचून घाबरू नकोस. दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल घेऊन त्या रपट्यावर गेले. दुर्गेशला आधी सांगून ठेवलं होतं की तू गेटवर थांब, मेसेज आला तर मोटरसायकल काढ. तो म्हणाला, "कायले उगाच त्या जागी जाऊन राहिली?" मी म्हटलं, त्याच जागी जायचं आहे. नाल्यात आता पाणी आहे, पण कडेचे दगड उघडे आहेत. मी खाली उतरले. तिथे तशीच आडवी झाले, उजवा हात अंगाखाली घेऊन, आणि डाव्या हाताने शर्टावरूनच बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. वर रपट्यावर असतं ते नेटवर्क खाली नाल्यात नव्हतं. तिथे पडल्यापडल्या मला रडू आलं, ताई. केवढी मेहनत केली होती. मग आठवलं, दुसरं सिम चालू करायचं राहिलं आहे. ते आमच्या भागात जरा जास्त चालतं. चालू केलं, पुन्हा दाबलं आणि खिशात फोन थरथरला. गेला. मी उठले नाही. तशीच पडून राहिले, वर ऐनाच्या फांद्या बघत. पाणी कानाजवळून वाहत होतं. थोड्या वेळाने मोटरसायकलचा आवाज आला आणि दुर्गेश रपट्याच्या कडेवर येऊन ओरडला, "जित्ती आहेस का वं?" मी म्हटलं, जित्ती आहे, हात दे.

घरी येताना मी सायकल चालवतच आले. डुकरिणीच्या झुडपाजवळ घंटी वाजवली, तीही जोरात.

तू म्हणतेस, एवढा कायचा हट्ट? सासर सोडून आल्यावर चार वर्षं मी घरात खाली मान घालून वावरत होते, तुला माहीत आहे. पहिल्यांदा वर्दी घालून गेटवर उभी राहिले त्या दिवशी मान वर आली. सकाळी गाडीत पुढे उभं राहून मी हात वर केला की सगळी गाडी गप्प होते आणि मी सांगेन तिकडे बघते. ते मला इतर कुठे मिळणार नाही. आणि गेटपर्यंत जायला सायकलशिवाय काही नाही. स्कूटी घे म्हणशील, पण स्कूटीच्या आवाजात जंगल ऐकू येत नाही आणि रपट्यावर तीही घसरतेच. तू मला आईच्या मागे वाढवलंस. मला पहिल्यांदा सायकल शिकवणारीही तूच, सीट मागून धरून पळणारी. मी तुझ्या शब्दाबाहेर कधी गेले नाही. या वेळी जाते आहे आणि चोरून जात नाही, सांगून जाते आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. पावसाळ्यासाठी बंद असलेलं गेट एक तारखेला उघडतं आणि मी कामावर जाणार आहे, सायकलने. मदतीचा मेसेज जाण्यासाठी रिंकूने दोन नावं मागितली. पहिलं दुर्गेशचं दिलं, कारण तो पोचू शकतो. दुसरं मी तुझं घातलं, तुला न विचारता. तुला तिथून धावून येता येणार नाही, मला ठाऊक आहे. पण बाबांना कसं सांगायचं, कुणाला उठवायचं, डॉक्टरशी काय बोलायचं हे तुझ्याइतकं कुणालाच कळत नाही. असा मेसेज कधी आलाच तर रडत बसू नकोस. आधी दुर्गेशला फोन लाव, त्याचा नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे, मग उदारामकाकांच्या घरी, आणि मगच भाऊजींना गाडी काढायला सांग. नाव घालताना रिंकूने तुझ्या नंबरवर एक चाचणीचा मेसेज पाठवून पाहिला. तो पोचला नाही. तिने फोन उलटसुलट करून बघितलं आणि हळूच म्हणाली, "दीदी, इन्होंने आपका नंबर ब्लॉक किया है शायद." मी फोन घेऊन खिशात टाकला. ताई, माझ्याशी बोलू नकोस, दिवाळीला ये म्हणून मी हट्ट करणार नाही, तुझा राग तुला ठेवायचा तेवढे दिवस ठेव. फक्त एक तारखेच्या आधी माझा नंबर उघड.

तुझीच,
संध्या