वरच्या ओळीचं गंध

लावण्या,

कुंभकोणमहून येशील तेव्हा दार नुसतं लोटलेलं दिसेल. कुलूप लावू नको. मी अप्पांना शोधायला जातोय.

काल ऑफिसचा लॅपटॉप उघडला, तर एफ-वनपासून एफ-ट्वेल्व्हपर्यंत वरच्या ओळीतलं एकही बटण दबेना. अप्पा म्हणाले, "आयुधपूजेत ठेवला होता रे, तुझी नोकरी टिकावी म्हणून. गंध कपाळालाच लावतात ना, म्हणून वरच्या ओळीला लावलं." त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते न जेवताच निजले.

सकाळी सुरीच्या टोकाने बटणं उचकटली, खालचं वाळलेलं गंध खरवडलं, आणि सगळी चालू झाली. दहा मिनिटांचं काम होतं. तेच सांगायला अप्पांच्या खोलीत गेलो, तर अंथरुणाची घडी घातलेली.

पापनाशमला राजम अत्तेकडे बूथवरून फोन केला. तिथे ते गेलेले नाहीत. आता कालव्याच्या काठाने बघतो. काल मी बिघाड कळवला होता, ऑफिसचा माणूस आला तर लॅपटॉप देऊन टाक, मला तो घरात नको.

अप्पांच्या चपला दाराशीच आहेत. त्या हलवू नको.

श्रीकर