ट्यूबमधली लाट

सदाशिव पेठ, पुणे

ती. बाबा,

सवयीनं ‘आई-बाबा’ लिहिलं गेलं, म्हणून नवा कागद घेतला. नमस्कार.

मेसचं जेवण बरं आहे. तुम्ही वरणात मीठ घालता ना आठवणीनं?

माझ्या प्रबंधातली एकटी लाट प्लाझ्मातून, म्हणजे विजेनं भारलेल्या वायूतून, आकार न मोडता जात राहते, कारण समीकरणात मी ऊर्जेची गळती धरलेलीच नाही. सर म्हणतात, आता धर. ती धरली की लाट हळूहळू विरते. आई गेल्यापासून ती ओळ लिहायला हात धजावत नाही.

स्वयंपाकघरातली ट्यूब काढून एलईडी लावू नका. पेटलेल्या ट्यूबमध्ये प्लाझ्मा असतो, हे मी सांगितल्यापासून आई शेजारणींना ती दाखवायची, ‘आमच्या सृष्टीची लाट ह्यात आहे.’ मी कधी खोडून काढलं नाही.

लुकलुकली तरी जेवायला तिच्याच उजेडात बसा.

तुमची,
सृष्टी