मयत सभासदाची हजेरी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून कुठलीही वस्तू विकत घेताना आधी उलटी करून बघते. ही खोड तुमची. आंब्याची पेटी आली की वरचा थर बाजूला करून तुम्ही खालचा आंबा हुंगायचात. आई म्हणायची, "अहो, त्याने काय खाली बटाटे भरलेत?" तुम्ही म्हणायचात, "भरले नसतील. पण बघायला काय जातंय?" रेशनिंग इन्स्पेक्टरच्या घरात वाढलेली मी. आपल्याकडे पाहुणा जरी अवेळी आला तरी आधी त्याचं काम काय असेल याची चर्चा व्हायची, चहा नंतर.

आता मी लोअर परळला एका कंपनीच्या समाजकार्य विभागात आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कंपनी आणि समाजकार्य? काहीतरी काळंबेरं असणार." असेलही. खेडोपाडी काम करणाऱ्या संस्था आमच्याकडे अनुदानासाठी अर्ज करतात आणि त्यातली कुठली पात्र, कुठली अपात्र, याची पहिली चाळणी माझी. नोंदणी आहे का, काम खरंच गावात चालतं का, कार्यकारिणी हाडामांसाची आहे की नुसती कागदावरची. अर्जाला लावलेले फोटो मी मोठे करकरून बघते. एकदा दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या दोन संस्थांच्या फोटोंत तीच बाई, तीच साडी आणि तेच शिलाई मशीन सापडलं होतं. तेव्हापासून ऑफिसातली पोरं मला मागून 'फौजदारीण' म्हणतात. मला माहीत आहे, आणि खोटं कशाला बोलू, आवडतं.

या सोमवारी तळकोकणातल्या एका गावाच्या मंडळाचा अर्ज माझ्यासमोर आला. गावात बहुतेक म्हातारीच माणसं उरली आहेत. मंडळाने एक नर्सबाई ठेवली आहे. ती रोज वाडीवाडीने फिरते, इन्सुलिन टोचते, जखमा धुते, गोळ्या वेळेवर घेतल्या का ते बघते. तिला पुढे ठेवता यावं म्हणून अर्ज. वाचून कुणाचंही मन विरघळेल, म्हणूनच मला वास आला. संस्था गावची आणि पत्ता लालबागच्या चाळीतला. कार्यकारिणीत सात माणसं, सातही एकाच आडनावाची. मी म्हटलं, हे तर घरचंच दुकान! मग सभांची इतिवृत्तं काढली. प्रत्येक सभेच्या हजेरीत पहिलं नाव संस्थापकांचं. आणि त्याच अर्जासोबतच्या अहवालात त्याच संस्थापकांचा हार घातलेला फोटो, खाली लिहिलंय की त्यांना जाऊन कैक वर्षं झाली. मेलेला माणूस सभेला हजर! बाबा, मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते. 'अपात्र, खोटी कागदपत्रं' असा शेरा मारून मी फाइल पुढे ढकलली. हा शेरा बसला की त्या संस्थेला आमच्याकडे पुन्हा कधीच अर्ज करता येत नाही.

असा शेरा मारला की जोडीला जागेवर जाऊन आल्याचं टिपण लावावं लागतं. खरं तर आधी जायचं आणि मग शेरा, पण नियम माझ्याइतका कोण बघतो? बुधवारी जेवणाच्या सुट्टीत लालबागला गेले. चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, मुंबईत राहणाऱ्या गावच्या माणसांची सामायिक. भिंतीला ट्रंका, दोरीवर चार जणांचे टॉवेल. मंडळाचे सेक्रेटरी एकटेच होते, गिरणीतून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीचे तरी असतील. मी बसलेही नाही. कंपनीतून आलेय एवढं सांगून सरळ विचारलं, "तुमच्या सभेला मयत माणसं येतात का हो?"

ते रागावतील, निदान चाचरतील असं मला वाटलं होतं. ते हसले. म्हणाले, "येतत तर! बाय, आमच्यात पयली हजेरी त्यांचीच. नाव पुकारला की सगळ्यांनी एकदम 'हजर' म्हणायचा. त्याशिवाय सभा सुरू होत नाय."

"आणि सगळे एकाच आडनावाचे?"

"वाडीच एका आडनावाची, तर दुसरो आणू खंयसून?"

माझा विश्वास बसला नाही. म्हटलं, जुन्या वह्या दाखवा. त्यांनी ट्रंक उघडली. मी उभ्याउभ्याच एकेक वही चाळली. हस्ताक्षरं बदलत गेलेली, शाई बदललेली, पण हजेरीत पहिलं नाव तेच. आणि त्या नावापुढे सहीच्या रकान्यात एक आडवी रेघ. कुणीही, कधीही, त्यांची सही ठोकलेली नाही. मी तिथेच मोबाइलवर अर्जाची प्रत उघडली. रेघ तीतही होती. दिसेल अशी, ठळक.

तेव्हा मला तुमच्या मागून चिंचपोकळीच्या त्या चाळीत शिरणारी मी दिसले. शाळेला सुट्टी म्हणून तुम्ही मला तपासणीला घेऊन गेला आहात. रेशन कार्डावर तिथल्या एका म्हातारीच्या मुलाचं नाव आहे. ती म्हणते, कामावर गेलाय. तुम्ही मांडणीतली ताटं बघता, दाराबाहेरच्या चपला बघता, बसता, पाणी मागता, पिता, आणि मग इतक्या हळू विचारता की ती रडायलाच लागते, मुलगा आता या घरात नाही हे कबूल करते. तुम्ही नाव कमी केलंत. जिन्यात मी टाळी वाजवून म्हणाले, "पकडलंत तिला!" तुम्ही माझा दंड असा धरलात की दुखला. "पकडायला नव्हतो गेलो. बघायला गेलो होतो. न बघता लिहायचं असतं तर ऑफिसातच नसतो का बसलो?" मला तेव्हा तुमचाच राग आला होता. संशय घ्यायचा आणि वर साळसूदपणा करायचा, असं वाटलं होतं.

सेक्रेटरींनी मला सोलकढी दिली. नर्सबाईंबद्दल बोलत होते. तालुक्याच्या एका दवाखान्याने तिला बोलावलंय, शनिवारपर्यंत तिला हो-नाही कळवायचंय. "ती गेली तर दुसरी कोण येवची नाय त्या डोंगरात," ते म्हणाले. मग थोडं अवघडून विचारलं, "मग तिका सांगू मां, थांब म्हणून?"

आणि बाबा, मी म्हणाले, "सांगा. थांबायला सांगा."

शेरा सोमवारीच गेलेला होता. तो मागे घ्यायचा तर शुक्रवार संध्याकाळच्या आत साहेबांना लिहावं लागतं की मी जागेवर न जाता खोटेपणाचा आरोप केला आणि प्रतही नीट पाहिली नाही. दोनच ओळींचं काम. आज शुक्रवार. साडेचार वाजलेत, सहाला साहेब निघतात. म्हातारा थापा मारत असेल का, असाही विचार सकाळपासून चारदा करून झाला, कारण तसं निघालं तर माझी सुटका आहे. पण तो थापा मारत नव्हता, ते मला ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीपासून त्या दोन ओळी लिहायला बसले आहे. त्या लिहवेनात, म्हणून तुम्हाला एवढं लिहीत बसले. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं.