वहिनीचे दुपटे

रत्नागिरी, मंगळवार, पौष महिना, १९३१

आज शेजारच्या काकूंच्या हळदीकुंकवाला दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या नव्या खोलीसाठी जुनी मऊ लुगडी मागितली, बाळांची दुपटी शिवायला. बी.ए. झालेली मुलगी सांगते म्हणून असेल, बायकांनी भराभर आणून दिली. मग काकू हसत म्हणाल्या, "तुझी वहिनी जाणार ना गो तिथे?" मी "हो" म्हणाले. खोटेच.

घरी सुईण ठरली आहे. मागची अंधारी खोली सारवूनही झाली. गेल्या खेपेचे मूल त्याच खोलीत दगावले. वहिनीचे पाय सुजलेत, बोट दाबले की खळगा पडतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी ठेवू नका. आईला पुन्हा विनवले.

"तुझी पुस्तकं तुझ्यापाशी. कुणाकुणाच्या खाटेवर माझी सून निजायची नाही."

मुंबईहून दादाचे पत्र आले, आई म्हणेल तसे करा. ते पाय आईला दिसत नाहीत का? की मलाच नीट सांगता येत नाही?

संध्याकाळी गाठोडे बांधत होते, तर वहिनी भिंतीला धरत आली. येणाऱ्या बाळासाठी स्वतः शिवलेले दुपटे तिने त्यावर ठेवले.

"न्या, वन्सं. निदान हे तरी दवाखान्यात जाऊ दे."